दोन शहरांनी सोडलेली नदी : पंचगंगेचं प्रकरण

मासे पहाटे मरतात. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात थोडाफार प्राणवायू सोडत असतं. रात्री तेही श्वास घेऊ लागतं, आणि उजाडण्यापूर्वीच्या तासाभरात पाण्यात विरघळलेला प्राणवायू सर्वांत खाली जातो. माशाला जगायला लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम तरी लागतो. त्यात मळीचं पाणी किंवा मैला आला की जीवाणू ते कुजवताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतात. म्हणून शिरोळ तालुक्यात मेलेल्या माशांची बातमी कायम सकाळच्या चहाबरोबर येते.

काही वर्षांपूर्वी मार्चमधल्या अशाच एका सकाळी मी तेरवाडच्या बंधाऱ्यावर होतो. पाणी चहाच्या रंगाचं, कडेला केंदाळ, म्हणजे जलपर्णी, दाटलेलं, आणि त्याच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात मासे तोंडं वर काढून आ वासत होते. लहान मासे आधीच उलटे झालेले. पांढऱ्या पोटांचा थर बंधाऱ्याच्या खांबांना येऊन टेकला होता. गुळाची काहील करपल्यासारखा आंबूस वास होता. पाट्या घेऊन आलेल्या पोरांना एक म्हातारेबाबा काठी दाखवत ओरडत होते, "खायला न्हेऊ नगा रं, मांजरालाबी घालू नगा." दुपारी पंचनामा झाला, बाटल्यांत नमुने भरले गेले. तोवर ज्या पाण्यानं मासे मारले ते पुढे सरकलं होतं. पाण्यात काय होतं हे नमुना सांगेल, पण ते कुणी आणि कुठून सोडलं हे कसं सांगणार? दर वेळी प्रकरण इथेच थांबतं.

पंचगंगेच्या प्रदूषणावर लिहिलं-बोललं गेलेलं पुष्कळ आहे. बहुतेक वेळा ते "प्रशासन झोपलंय" इथे संपतं. माझं म्हणणं वेगळं आहे. या नदीवर पैसा खर्च झाला, यंत्रं बसली, कोर्टानं लक्ष घातलं, नियमही झाले. तरीही नदी सुधारत नाही, कारण घाण करणारा आणि ते पाणी पिणारा यांना एकत्र बांधणारं काहीच आपल्या धोरणात नाही.

नदी की तळ्यांची माळ

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. तिथून कोल्हापूर, रुई, इचलकरंजी करत सुमारे ८० किलोमीटरवर नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. पाऊस भरपूर. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना या नदीत पाणी कमी असतं म्हटलं तर हसू येईल.

पण दिवाळीनंतरची नदी वेगळी असते. राज्यभर ज्याला "कोल्हापूर पद्धतीचा बंधारा" म्हणतात तो इथलाच. खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं, ऊस भिजवायचा. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकाखाली एक बंधारे आहेत. बरगे पडले की नदीची तळ्यांची माळ होते. राधानगरी धरणातून आवर्तन सुटेल तेवढंच पाणी हलतं. या बंधाऱ्यांनी जिल्हा उभा केला हे खरंच आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. मात्र वाहत्या नदीसाठी लिहिलेले नियम या माळेला लावले जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू जेवढा प्राणवायू खातात ती जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ती लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असा दंडक आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. अशा दंडकाचं मूळ ब्रिटनच्या शाही सांडपाणी आयोगानं १९१२ च्या अहवालात दिलेल्या हिशेबात आहे, आणि तिथे बीओडीचा आकडा २० होता. सांडपाण्याला नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी मिळेल, हे त्या हिशेबात गृहीत होतं. आपण आकडा सैल केला आणि अट विसरलो. आंघोळीला किंवा प्रक्रिया करून पिण्याला चालेल अशा नदीचा बीओडी ३ च्या आत हवा, असं आपलंच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगतं. एप्रिलमध्ये राजाराम बंधाऱ्याच्या मागे आठपट स्वच्छ पाणी आणायचं कुठून? सगळी यंत्रं नियमात चालली, प्रत्येकाच्या फाइलवर हिरवी खूण आली, तरी उन्हाळ्यातली पंचगंगा नापासच होणार.

जयंती

कोल्हापुरातली जुनी माणसं जयंतीला अजून नदी म्हणतात. कागदावर ती जयंती नाला आहे. शहराच्या पोटातून वाहत, गोमतीला घेऊन ती पंचगंगेला जाते, आणि वाटेत घराघरांचं सांडपाणी गोळा करते. बऱ्याच वस्त्यांत शौचालयाचं पाणी सेप्टिक टाकीत जातं, टाकीचं गटारात, गटाराचं नाल्यात. घराघराला ड्रेनेजची जोडणी देणं महाग, वेळखाऊ आणि रस्ते खोदणारं काम. नगरसेवकाला निवडणुकीत त्याचा फायदा नसतो. म्हणून देशभर एक सोपी वाट निघाली, ती म्हणजे नाला तोंडाशी अडवा, पंपानं उचला आणि केंद्रावर न्या.

कोल्हापुरात हेच झालं. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून सुमारे ७४ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं केंद्र उभं राहिलं, दुधाळी नाल्यासाठी १७ दशलक्ष लिटरचं. केंद्रानं ७० टक्के, राज्य आणि पालिकेनं उरलेले, अशी बांधकामाची वाटणी ठरली. चालवण्याचा खर्च मात्र पालिकेचा. हे काम झालं नसतं तर आजची अवस्था कितीतरी वाईट असती, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

पण नाल्याच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं की या वाटेतली कच्ची जागा डोळ्यांना दिसते. आडवी भिंत, तिच्यामागे साचलेलं काळं पाणी, कडेला पंपघर. पंप चालू असतील तर पाणी भिंतीच्या खाली राहतं. वीज गेली, पंप दुरुस्तीला गेला, जाळीत प्लास्टिक अडकलं, किंवा वळवाची एक जोरदार सर आली, की पाणी भिंतीवरून पलीकडे पडतं. तिथून नदी काही पावलांवर. मध्ये दुसरी टाकी नाही, राखीव तलाव नाही. सगळ्या शहराचा मैला आणि नदी यांच्यात फक्त पंपाची एक मोटर उभी आहे. वर्षातले ३६० दिवस ती उत्तम चालली तरी उरलेल्या पाच दिवसांत खालचे मासे मरायला पुरेसं पाणी जातं. वार्षिक अहवालात ते पाच दिवस सरासरीत बुडून जातात.

शहराच्या हद्दीबाहेरचं तर विचारूच नका. कोल्हापूरची महापालिका १९७२ ला झाली आणि तेव्हापासून हद्द तशीच आहे. हद्दवाढीचं भांडण पन्नास वर्षं चाललंय. दरम्यान उचगाव, पाचगाव, कळंबा, शिरोलीकडे इमारतीवर इमारती चढल्या. त्या दिसायला शहर, कायद्यानं ग्रामपंचायत. ओढ्याचं पाणी हद्द ओळखत नाही, पण निधी ओळखतो. महापालिका म्हणते ते आमच्या हद्दीत नाही, ग्रामपंचायत म्हणते आमची घरपट्टी ती केवढी. दोघंही खरं बोलतात.

काळा ओढा

इचलकरंजीत एका ओढ्याचं नावच काळा ओढा आहे. गाव यंत्रमागाचं. "महाराष्ट्राचं मँचेस्टर" ही पदवी शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. विणकामाला पाणी फारसं लागत नाही. पाणी लागतं सायझिंगला, म्हणजे सुताला खळ द्यायला, आणि त्याहून कितीतरी जास्त प्रोसेसला, म्हणजे कापड धुणं, ब्लीच करणं, रंगवणं याला. कांजी, कॉस्टिक, मीठ, रंग. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, कारखान्यांची स्वतःची केंद्रंही आहेत. घरांचं मैलापाणी निराळं, आणि त्यातलं बरंच ओढ्यांतून नदीलाच जातं.

२०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची साथ आली. हिपॅटायटिस ई. हा विषाणू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. हजारो लोक आजारी पडले, काहींचे जीव गेले, त्यात गर्भवती स्त्रियांना या काविळीचा धोका सगळ्यांत मोठा. रंगीत पाणी डोळ्यांना दिसतं म्हणून त्यावर आंदोलनं होतात. साथ आणणारं पाणी दिसायला स्वच्छही असू शकतं. त्यानंतर उच्च न्यायालयानं जनहित याचिकेत लक्ष घातलं, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेकडून अभ्यास करवून घेतला, विभागीय आयुक्तांच्या देखरेखीखाली समिती बसली. बैठका झाल्या, आराखडे झाले. नदीकाठच्या साऱ्या संस्थांना एका टेबलावर बसवण्याची ताकद या नदीच्या बाबतीत फक्त कोर्टानं दाखवली. कोर्टाची तारीख लांबली की टेबलही रिकामं होतं.

वर साखर कारखाने आणि आसवन्या. दारू गाळणाऱ्या आसवनीतून निघणाऱ्या सांडपाण्याचा, म्हणजे स्पेंट वॉशचा, बीओडी लिटरमागे ४०-५० हजार मिलिग्रॅम असतो. हिशेब करून पाहा. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा केला तर चार-पाचशे किलो बीओडी नदीत गेला. माणसामागे दिवसाला साधारण ४५ ग्रॅम धरले, तर दहा हजार वस्तीच्या गावाचा एक दिवसाचा मैला दहा मिनिटांत. सगळे कारखाने असं करतात असं मी म्हणत नाही, बहुतेकांनी प्रक्रियेवर पैसा घातला आहे. पण एकानं एकदा केलं तरी पुरतं, आणि पकडायला त्या दहा मिनिटांत तिथं कुणीतरी असावं लागतं.

कायदे कमी नाहीत

या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. केंद्राचा जल प्रदूषण कायदा १९७४ चा. आपण १९६९ ला स्वतःचा केला, आणि १९७० ला राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. पुढे १९८८ च्या दुरुस्तीनं मंडळाला वीज-पाणी तोडून कारखाना बंद करण्याचे थेट अधिकार मिळाले. २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांडपाणी केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत घातली आणि ती चालवायला लागणारा पैसा वापरणाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. २०२४ च्या दुरुस्तीनं बऱ्याच गुन्ह्यांतला तुरुंगवास काढून दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला.

यातला एकेक कायदा चांगला, पण सगळे एकेका नळीकडे पाहतात. संमतीपत्र कारखान्याला मिळतं, केंद्राला मिळतं. नदीच्या एका टप्प्यात एकूण किती भार पेलवेल आणि त्यात कुणाचा वाटा किती, हा प्रश्न परवानगीच्या टेबलावर येतच नाही.

एकदा तो जवळपास आला होता. २००० मध्ये राज्यानं नदी नियंत्रण क्षेत्र धोरण आणलं, २००९ ला सुधारलं. नद्यांच्या टप्प्यांना वर्ग दिले आणि प्रदूषणकारी उद्योग काठापासून किती दूर हवेत हे ठरवलं. त्यातली अंतरं सरधोपट होती, गैरसोय झाली, गैरवापरही झाला असेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारनं ते रद्द केलं. संमतीची पद्धत आणि मानकं पुरेशी आहेत, हा त्यामागचा युक्तिवाद होता. माझ्या मते ती मोठी चूक झाली. अंतरं बदलता आली असती. काठाला आणि टप्प्याला एकक मानणारी ती एकच चौकट होती, तीच काढून टाकली. २०१८ च्या केंद्रीय यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. २०२२ ला देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला ५५ झाला.

शहरं निघून गेली

या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग प्रदूषणाच्या अहवालांत नसतो, पाणीपुरवठ्याच्या फाइलींत असतो.

पंचगंगा पिण्याजोगी राहिली नाही म्हटल्यावर इचलकरंजीनं मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं. ते पुरेना म्हणून वारणेची योजना आली. दानोळीकर आणि वारणाकाठ विरोधात उभा राहिला, "थेंबभर देणार नाही". मग दूधगंगेवर सुळकूडची योजना. आता कागल तालुका उभा राहिला. कोल्हापूरनं काळम्मावाडी धरणापासून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन टाकली, २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोचलं. तेही दूधगंगेचंच.

स्वच्छ पाणी मिळणं कोल्हापूरकरांचा आणि इचलकरंजीकरांचा हक्कच आहे, चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरातल्या बाईला नदीप्रेमाचे धडे देण्यात काय अर्थ? पण परिणाम काय झाला ते पाहा. ज्या दिवशी शहराच्या नळाचं नातं नदीशी तुटतं, त्या दिवशी नदी स्वच्छ ठेवण्यातला शहराचा स्वार्थही संपतो. उरतो तो कायदा आणि उरतं पर्यावरणप्रेम. दानोळीच्या माणसानं "आधी तुमची नदी नीट करा, मग आमच्याकडे या" असं म्हटलं तर त्याला आडमुठा ठरवणं सोपं आहे. मला त्यात या प्रकरणातलं सगळ्यांत शहाणं वाक्य दिसतं.

आणि सोडून जाता येत नाही ते खालच्या गावांना. शिरढोण, तेरवाड, हेरवाड, कुरुंदवाड यांना कुठलं धरण थेट पाइपलाइन देणार? ज्याला परवडतं तो जार विकत घेतो. आमच्या भागात लग्नाच्या यादीत आता जारचा खर्च वेगळा लिहितात.

नोय्यलच्या काठी

खालच्या लोकांनी जिंकलेलं एक प्रकरण आहे, तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचं. होजिअरीचं शहर, शेकडो रंगाई कारखाने, नोय्यल नदी. खाली शेतीसाठी ओरत्तुपाळयम धरण बांधलं, त्यात रंगाचं खारं पाणी साठू लागलं. शेतकऱ्यांची जमीन नासली, आणि शेतकऱ्यांची संघटना कोर्टात गेली. मद्रास उच्च न्यायालयानं २००६ ला "नदीत थेंबही सोडायचा नाही" अशी व्यवस्था उभारायला सांगितलं आणि तोवर सांडपाण्यावर लिटरच्या हिशेबानं दंड बसवला. मुदती टळत गेल्या. जानेवारी २०११ मध्ये कोर्टानं सगळे रंगाई कारखाने बंद केले. शहर हादरलं, मजूर गावी परतले. त्यानंतर राज्य सरकारनं २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, सामायिक केंद्रांतून बहुतेक पाणी आणि मीठ पुन्हा वापरात आलं, आणि शून्य विसर्गाच्या अटीवर कारखाने सुरू झाले.

तिथेही सगळं गोड नाही. उरलेल्या मिठाच्या गाळाचे ढीग पडून आहेत, काही लहान कारखाने शेजारच्या भागात सरकले, काही कायमचे बंद पडले. इचलकरंजीचा लहान प्रोसेसवाला एवढा खर्च पेलू शकणार नाही, हे मला दिसतं. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, लिटरवर दंड. दर महिन्याला येणारं बिल कारखानदाराला कळतं, दहा वर्षांनी लागणारा निकाल कळत नाही. दुसरी, बंदीनंतर सरकारनं पैसा घातला. फक्त काठी किंवा फक्त गाजर असतं तर जमलं नसतं.

गाजराचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूरचं भांडेवाडीत शुद्ध केलेलं मैलापाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं आणि पालिकेला त्याचे पैसे मिळतात. नाग नदी त्यानं निर्मळ झालेली नाही. मात्र गिऱ्हाईक असल्यामुळे केंद्र बंद पडलं की त्याच दिवशी कुणाचा तरी फोन येतो. बावड्याच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं असं कुणी गिऱ्हाईक नाही. पाणी टंचाईत असलेली इचलकरंजीची प्रोसेस इंडस्ट्री ते का होऊ नये? पिण्याचं पाणी सुळकूडहून आणायचं आणि कापडही चांगल्याच पाण्यानं धुवायचं, हे किती दिवस?

मला काय हवंय

गणपतीतलं एक सांगतो. कोल्हापूरच्या लोकांनी पंचगंगा घाटावरचं विसर्जन जवळपास थांबवलं. कुंड, इराणी खणीतलं साचलेलं पाणी, मूर्तिदान, निर्माल्य वेगळं. गावोगाव हे पसरलं. श्रद्धेच्या बाबतीत एवढा बदल करणारी माणसं सहकार्य करत नाहीत, हे मी ऐकून घेणार नाही. लोकांनी घरातलं काम केलं. पंप, राखीव टाक्या आणि ड्रेनेजच्या जोडण्या ही लोकांच्या हातातली कामं नव्हेत.

सरकारकडे मागणी करायची तर मी तीनच करेन. नाल्यावरच्या प्रत्येक पंपघराला जनरेटर आणि निदान काही तासांचं पाणी साठवणारी टाकी, आणि भिंतीवरून पाणी गेलं की त्याची नोंद त्याच दिवशी जाहीर. प्रत्येक बंधाऱ्यावर प्राणवायू मोजणारं सततचं यंत्र, ज्याचा आकडा खालच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर दिसेल. दर तासाचे आकडे वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यावर असले, तर टँकर कुठल्या दोन बंधाऱ्यांच्या मध्ये रिकामा झाला हे दुसऱ्या दिवशी कळेल. आणि शेवटची, जी सगळ्यांना टोचेल. कुठल्याही शहराला दुसऱ्या नदीचं पाणी मंजूर करताना अट घालायची, की आपल्या खालच्या बंधाऱ्यावरच्या पाण्याचा बीओडी तीनच्या आत आणल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. तेरवाडला काय पोचतं, यावर इचलकरंजीचा निधी ठरावा. राजाराम बंधाऱ्याखाली काय जातं, यावर कोल्हापूरचा. मग पंपाची मोटर जळाली तर आयुक्तांना रात्री झोप लागणार नाही, आणि लागूही नये.

जूनच्या पहिल्या पावसात बरगे काढतात. सहा महिन्यांचा गाळ, केंदाळ, काळं पाणी एकदम सुटतं आणि एका बंधाऱ्यावरून दुसऱ्यावर उतरत नृसिंहवाडीला जातं. पुढे पूर चढला की दत्तमंदिरात पाणी शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्याला कोल्हापुरातून, इचलकरंजीतून माणसं येतात, त्या पाण्यात उभी राहतात आणि घरी न्यायला बाटलीत भरून घेतात.